विश्लेषण : वायू तपासणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारा वायू जातो कुठे?

तळेगाव-चाकण रस्त्यावर पेट्रोल पंपाशेजारी पीयूसीची व्हॅन उभी असते. दुचाकीच्या सायलेन्सरमध्ये नळी घातली जाते, थोड्या वेळात स्क्रीनवर आकडे येतात, प्रमाणपत्र हातात पडते आणि आपण निघतो. यंत्राने जो धूर आत ओढून घेतला तो पुढे कुठे गेला, हे आपण कधी विचारत नाही. यंत्राच्या मागच्या बाजूला एक बारीक नळी असते, धूर तिथून बाहेर पडतो. ती नळी व्हॅनच्या बाहेर काढलेली असेल तर ठीक. नसेल तर दिवसभर आत बसणारा माणूस प्रत्येक गाडीचा थोडा थोडा धूर घेत राहतो.

हाच प्रश्न पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव दाभाडे या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर आहे. तिथे वायू तपासणारी यंत्रे दिवसाचे २४ तास चालतात. त्यांच्या मागच्या नळीचे काय करायचे याचे उत्तर अभियांत्रिकीत आहे, कायद्यातही त्याला जागा आहे. पण ती नळी नेमकी कोणाची जबाबदारी, हे अनेक ठिकाणी ठरलेले नसते. माझ्या मते ते ठरवण्याची वेळ आली आहे आणि त्यासाठी फार मोठा खर्चही लागणार नाही.

अॅनालायझर म्हणजे काय आणि तो आपल्याकडे कुठे असतो?

पाइपमधून किंवा भट्टीतून जाणाऱ्या वायूत कोणता घटक किती आहे हे सतत मोजणारे यंत्र म्हणजे प्रोसेस अॅनालायझर. मुख्य पाइपला एक बारीक फाटा काढून थोडा वायू यंत्रापर्यंत आणतात. वाटेत तो गाळतात, कोरडा करतात, त्याचा दाब कमी करतात. मोजून झाल्यावर तो वायू बाहेर सोडतात. ज्या नळीतून सोडतात तिला व्हेंट म्हणतात.

आपल्या पट्ट्यात हे यंत्र प्रामुख्याने चार ठिकाणी सापडते. पहिले, हीट ट्रीटमेंट विभागात. गिअर, शाफ्ट, बेअरिंगचे भाग कार्बनयुक्त वायूत तापवून त्यांचा पृष्ठभाग कठीण करतात आणि त्या भट्टीतला वायू तपासतात. दुसरे, इंजिन चाचणी कक्षात. चाकणमध्ये ‘एआरएआय’चे केंद्र आहे, शिवाय वाहन कंपन्यांचे स्वतःचे कक्ष असतात. तिसरे, धुराड्यावर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी ठरवलेल्या १७ प्रकारच्या उद्योगांना उत्सर्जन सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रणा बसवायला सांगितले, तेव्हापासून ही यंत्रे वाढली. चौथे, नैसर्गिक वायूच्या जाळ्यात. पुणे, पिंपरी-चिंचवडसह हिंजवडी, चाकण, तळेगाव या भागात ‘एमएनजीएल’चा वायू येतो. घाऊक व्यवहारात या वायूची किंमत उष्मांकावर ठरते आणि उष्मांक काढण्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो.

या चारही ठिकाणचा धोका सारखा नाही. धुराड्यावरच्या यंत्रातून जे बाहेर पडते ते तसेही धुराड्यातून जाणारच असते. ते माणसाच्या नाकापाशी सोडले नाही म्हणजे पुरे. हीट ट्रीटमेंट आणि नैसर्गिक वायू या दोन ठिकाणी मात्र गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे व्हेंटमधून येणारा वायू धूर नसतो. तो न जळलेला, पूर्ण ताकदीचा वायू असतो.

तपासायला चिमूटभर लागतो, मग इतका वायू का सोडतात?

गच्चीवर सोलर असलेल्या घरात सकाळी नळ सोडला की आधी गार पाणी येते. पाइपमध्ये रात्रभर साचलेले पाणी निघून गेल्यावरच गरम पाणी येते. तोवरचे पाणी बहुतेक घरांत मोरीत जाते. अॅनालायझरचेही तसेच आहे. मुख्य पाइप आणि यंत्र यांच्यामधल्या नळीत जुना वायू साचून राहिला तर यंत्र दहा मिनिटांपूर्वीची स्थिती दाखवेल. ते टाळण्यासाठी वायू सतत वाहता ठेवतात, म्हणजे नळ सोडूनच ठेवतात.

किती वाया जातो ते एका साध्या हिशेबाने पाहू. गॅस क्रोमॅटोग्राफला एका तपासणीसाठी एक मिलिलिटर किंवा त्याहून कमी वायू लागतो. दर तीन मिनिटांनी एक तपासणी धरली तर दिवसात ४८० तपासण्या होतात, म्हणजे अर्ध्या लिटरहून कमी वायू. नळी ताजी ठेवण्यासाठी मिनिटाला दोन लिटर वायू सोडून दिला तर दिवसाला २,८८० लिटर होतात. अर्धा लिटर तपासण्यासाठी पावणेतीन हजारांहून अधिक लिटर हवेत.

वर्षाचे होतात सुमारे १,०५० घनमीटर. मिथेन धरला तर वजन साधारण ७०० किलो, म्हणजे घरगुती सिलिंडरच्या वजनाच्या भाषेत ५० सिलिंडर. शंभर वर्षांच्या मुदतीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. त्यामुळे हवामानाच्या हिशेबात हे जवळपास २० टन कार्बन डायऑक्साइडइतके होते. किलोमीटरला १२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडणारी मोटार तेवढ्यासाठी १ लाख ६० हजार किलोमीटरहून अधिक चालवावी लागेल. हे सारे एका यंत्राचे.

एवढ्याशा वायूने माणसाला काय होणार?

हा प्रश्न मला कारखान्यांत नेहमी ऐकू येतो. उत्तर वायू कोणता आणि खोली किती मोठी यावर अवलंबून आहे.

कार्ब्युरायझिंग भट्टीत जो वायू वापरतात त्यात सुमारे २० टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि ४० टक्के हायड्रोजन असतो, उरलेला मुख्यतः नायट्रोजन. भट्टीच्या तोंडाशी हा वायू जळताना दिसतो. ती ज्योत सगळ्यांना माहीत असते आणि सगळे तिच्यापासून जपून राहतात. पण अॅनालायझरकडे जाणारा फाटा ज्योतीच्या आधीच निघतो.

समजा यंत्र मिनिटाला एक लिटर वायू घेते. म्हणजे मिनिटाला २०० मिलिलिटर कार्बन मोनॉक्साइड. यंत्र धुळीपासून जपायचे म्हणून ते तीन मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच अशा बंद केबिनमध्ये ठेवले आहे आणि व्हेंट आतच सुटते. केबिनमध्ये २७ हजार लिटर हवा आहे. आपल्या कारखान्यांनी इतकी वर्षे ज्याच्या आधारे काम केले त्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत कार्बन मोनॉक्साइडची आठ तासांची सरासरी मर्यादा ५० पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग. वरच्या केबिनमध्ये ही पातळी सात मिनिटांच्या आत गाठली जाते. थोड्या वेळासाठीची कमाल मर्यादा ४०० पीपीएम आहे. ती गाठायला तासभरही लागत नाही.

प्रत्यक्षात दार उघडते, फटी असतात, त्यामुळे वेग कमी होतो. पण केबिनमध्ये एसी आहे म्हणून हवा बदलते असे कोणी समजू नये. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, थकवा येतो. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाला हे सगळे एरवीही होत असते. त्यामुळे संशय उशिरा येतो. पोलाद कारखान्यांनी या वायूची मोठी किंमत मोजली आहे. जून २०१४ मध्ये भिलाईत वायुगळतीत सहा जणांचा जीव गेला. त्या दुर्घटनेचा अॅनालायझरशी संबंध नव्हता आणि वायूचे प्रमाणही कितीतरी मोठे होते. पण बंद जागेत हाच वायू थोडा असला तरी पुरतो.

आगीचा धोकाही आहे. व्हेंट पॅनेलच्या बंद कपाटातच सुटत असेल आणि कपाट दोनशे लिटरचे असेल, तर वरच्या वेगाने वीसेक मिनिटांत आतली हवा पेट घेण्याजोगी होऊ शकते. त्याच कपाटात विजेची जोडणी असते.

मी स्वतः काय पाहिले?

बातमीदारीत येण्याआधी मी इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेऊन याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात काही महिने ट्रेनी होतो. हीट ट्रीटमेंटच्या केबिनमध्ये बसणारे एक ऑपरेटर काका होते. ते म्हणायचे, ‘‘दुपारनंतर डोकं जड होतं बघ. चहाला बाहेर गेलं की बरं वाटतं.’’ मी म्हणायचो, ‘‘काका, भट्टीची उष्णता आहे ही, पाणी पीत जा.’’ ते पाणी पीत. डोके दुखायचे थांबले नाही.

मग एके दिवशी कॅलिब्रेशनसाठी बाहेरचा तंत्रज्ञ आला. त्याच्या खिशाला कार्बन मोनॉक्साइडचा छोटा डिटेक्टर लावलेला होता. केबिनच्या दारातच तो वाजायला लागला. शोधले तेव्हा दिसले की व्हेंटची नळी पॅनेल आणि भिंत यांच्यामध्ये नुसती लोंबत होती. आधी ती भिंतीबाहेर होती, रंगकामाच्या वेळी कोणीतरी आत ओढून घेतली होती. चार मीटर नळी आणि भिंतीला एक भोक, एवढ्यावर अर्ध्या दिवसात काम झाले. काकांनी नंतर डोकेदुखीची तक्रार केली नाही.

मला आजही खटकते ते वेगळेच. त्या यंत्राची रोजची तपासणी माझ्याकडे होती. दाब, प्रवाह, फिल्टर, रीडिंग, सगळे मी न चुकता लिहीत होतो. व्हेंट कुठे सुटते हा रकाना कागदावर नव्हता, म्हणून मी कधी मागे वाकून पाहिले नाही. काका मात्र रोज सांगत होते.

नळी बाहेर न्यायला अडचण काय?

दर वेळी निष्काळजीपणाच असतो असे नाही. एक खरी तांत्रिक अडचण आहे.

अॅनालायझरच्या आत ठरावीक आकाराची पोकळी असते आणि तिच्यात वायूचे जितके रेणू बसतात तितके यंत्र मोजते. व्हेंटच्या टोकाचा दाब वाढला की त्याच पोकळीत जास्त रेणू बसतात आणि आकडा वर जातो. दाबात एक टक्का फरक म्हणजे, दुरुस्ती केली नाही तर, आकड्यात साधारण एक टक्का फरक. तळेगाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी असतो. दाबाची भरपाई न करणारे यंत्र मुंबईत जुळवून इथे आणले तर ते तेवढेच चुकेल.

त्यामुळे व्हेंट लांबच्या पाइपला किंवा सामाईक हेडरला जोडली आणि तिथला दाब वरखाली झाला की रीडिंग हलते. रीडिंग हलले की भट्टीतले कार्बनचे प्रमाण चुकते, गिअरचा कठीण थर कमीजास्त होतो आणि अख्खी बॅच परत येऊ शकते. मेंटेनन्सचा माणूस ही जोखीम घेत नाही. तो नळी मोकळी सोडतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असते, कारण त्याला जाब रीडिंगचा विचारला जातो, व्हेंटचा कोणी विचारत नाही.

शिवाय मावळचा पाऊस आहे. बाहेर काढलेली नळी वर तोंड करून ठेवली तर पाणी आत जाते. उन्हाळ्यात कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचे घर करते. दोन्ही वेळा दाब वाढतो आणि मग कोणीतरी वैतागून नळी आत ओढतो.

मग उपाय काय?

उपाय नवे नाहीत, महागडेही नाहीत. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी सोडायचा वायू कमी करावा. सोलरचा पाइप जितका लांब तितके पाणी वाया, तसेच इथे. चार मिलिमीटर आतल्या व्यासाची ३० मीटर नळी घेतली तर तिच्यात पाऊण डेसिलिटर नव्हे, तर पाऊणचारशे मिलिलिटर वायू मावतो. मिनिटाला एक लिटर प्रवाह असेल तर यंत्रापर्यंत ताजा वायू २३ सेकंदांत पोहोचतो. पण तीच नळी २० बार दाबाखाली भरलेली असेल तर तिच्यात वायू वीस पटींहून अधिक असतो आणि तेवढ्याच प्रवाहाने आठ मिनिटे लागतात. मग घाई करण्यासाठी प्रवाह वाढवतात आणि वायू वाया जातो. दाब कमी करणारा रेग्युलेटर यंत्रापाशी न ठेवता मुख्य पाइपपाशी बसवला, नळी बारीक आणि आखूड ठेवली, तर खूप कमी वायूत काम भागते.

मग उरलेला वायू शक्य तिथे परत पाठवावा. वाहत्या फाट्यातला बहुतांश वायू यंत्रात जातच नाही, तो फक्त नळी ताजी ठेवतो. तो प्रक्रियेतल्या कमी दाबाच्या जागी परत सोडता येतो. म्हणजे सोलरचे गार पाणी मोरीत न सोडता बादलीत धरण्यासारखे. यंत्रातून प्रत्यक्ष गेलेला थोडासा वायू तेवढा उरतो.

जे परत जात नाही ते जाळावे किंवा उंचावर सोडावे. हीट ट्रीटमेंटमध्ये वायू जाळण्याची ज्योत आधीपासूनच असते. व्हेंट तिथे नेता येते, मात्र ज्योत नळीतून मागे येऊ नये यासाठी फ्लेम अरेस्टर हवा. जाळणे शक्य नसेल तर नळी छताच्या वर, खिडक्या आणि एसीच्या हवेच्या वाटांपासून दूर न्यावी. तोंड खाली वळवावे, त्याला जाळी लावावी, पाणी साचू नये असा उतार द्यावा. दाब वरखाली होत असेल तर तो स्थिर ठेवणारा रेग्युलेटर व्हेंटवर बसवता येतो किंवा हवेचा दाब मोजून आकडा आपोआप दुरुस्त करणारे यंत्र घेता येते.

शेवटी, जिथे सॅम्पल वायू खोलीत येतो तिथे भिंतीवर कायमचा अलार्म हवा. कॅलिब्रेशनच्या वेळी तर सिलिंडरमधला तीव्र वायू थेट व्हेंटमधून जातो आणि ते काम करणारा बहुतेकदा कंत्राटी, बाहेरचा माणूस असतो. त्याला त्या केबिनचा इतिहास माहीत नसतो.

नियम काय सांगतात?

हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, १९८१ मध्ये उत्सर्जनाची व्याख्या व्यापक आहे. धुराडे, वाहिनी किंवा ‘इतर कोणत्याही’ तोंडातून बाहेर पडणारा घन, द्रव वा वायुरूप पदार्थ तिच्यात बसतो. म्हणजे अॅनालायझरची नळीही बसते. नवा कायदा लागत नाही. पण व्यवहारात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात धुराड्यांची यादी असते : कशाला जोडलेले, किती उंच, इंधन कोणते. मी पाहिलेल्या संमतिपत्रांत अॅनालायझरच्या व्हेंटचा उल्लेख नव्हता. कामगारांच्या बाजूने पाहणारे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय वेगळे. एक नळी दोन कार्यालयांच्या मधोमध पडते.

अमेरिकेतही अशीच पळवाट होती. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या नियमांत प्रक्रियेच्या व्हेंटची जी व्याख्या होती तिच्यातून अॅनालायझर वगळलेले होते. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०१५ मध्ये ही सूट काढली आणि ठरावीक प्रमाणापुढच्या व्हेंटना पालनासाठी जानेवारी २०१९ अखेरपर्यंत मुदत दिली. अॅनालायझरच्या खोल्यांच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६१२८५ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. आपल्या पट्ट्यात रिफायनरी नाही, म्हणून अमेरिकेचा नियम जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. पण ‘लहान आहे म्हणून मोजायचेच नाही’ ही भूमिका तिथे सोडली गेली, तेवढे घेण्यासारखे आहे.

आता काय व्हायला हवे?

प्रदूषणाच्या मोठ्या यादीत अॅनालायझरची व्हेंट खाली येते, हे मान्य. इंद्रायणीचा फेस आणि चाकणच्या वाहतुकीचा धूर हे मोठे प्रश्न आहेत. म्हणून या नळीसाठी मोठी मोहीम, नवे खाते, नवा दंड असे काही मी मागत नाही. तीन लहान गोष्टी पुरेशा आहेत.

एक, संमतिपत्राच्या अर्जात एक तक्ता वाढवावा : अॅनालायझर किती, कोणता वायू, मिनिटाला किती लिटर, व्हेंट कुठे सुटते. कारखान्याला हे भरायला एक दुपार लागेल. भरताना पहिल्यांदाच कोणीतरी यंत्राच्या मागे जाऊन पाहील आणि निम्मे काम तिथेच होईल.

दोन, वाहन कंपन्यांनी पुढाकार घ्यावा. हीट ट्रीटमेंट करणाऱ्या पुरवठादारांकडून त्या सीक्यूआय-९ नावाची तपासणी करून घेतात, त्यात भट्टीचे तापमान आणि वायू नीट मोजला जातो का हे बारकाईने पाहतात. यंत्राचा आकडा बरोबर आहे का हे विचारणाऱ्याने यंत्राचा वायू कुठे जातो हेही विचारावे. चाकण आणि तळेगावच्या लघुउद्योजकाला सरकारी नोटिशीपेक्षा ग्राहकाच्या ऑडिटमधला एक शेरा लवकर हलवतो, हे इथे काम केलेल्या कोणालाही माहीत आहे.

तीन, कामगाराची तक्रार नोंदवून घ्यावी. ‘केबिनमध्ये डोके दुखते, बाहेर गेल्यावर थांबते’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून आले तर त्याला पाणी प्यायला सांगू नये. केबिन मोकळी करावी, दार उघडावे आणि डिटेक्टर आणून मोजावे.

तुम्ही या पट्ट्यात कुठे काम करत असाल तर उद्या शिफ्टला गेल्यावर अॅनालायझरच्या मागची नळी शोधा आणि तिचे दुसरे टोक सापडेपर्यंत नजरेने तिचा माग घ्या. ते टोक खोलीतच सापडले, तर त्याच शिफ्टमध्ये सुपरवायझरला लेखी कळवा.